मागच्या सीटचं जॅकेट

ज्या माणसावर माझा जीव जडला, त्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो स्वतःच्याच मोटरसायकलला बांधलेला होता.

डिसेंबरचा पहिला रविवार. बेसा रोडवर धुकं असं उतरलेलं की समोरच्या मेडिकलची पाटीसुद्धा दिसेना. मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि शेजारी कौशल्यामावशींच्या गाड्यावर तर्री-पोहे घ्यायला वळले. तेवढ्यात एक मोटरसायकल येऊन थांबली. हेल्मेटवाला उतरला, ऐटीत दोन पावलं चालला — आणि तिसऱ्या पावलाला गचकन मागं ओढला गेला. दावं संपलेल्या वासरासारखा! त्याच्या जॅकेटातून निघालेली एक काळी वायर गाडीच्या सीटखाली गेली होती. वायर ताणली, गाडी स्टँडवरून कलली, आणि धाडकन माझ्या स्कूटीवर आडवी झाली.

"अहो! तुम्ही काय चार्जिंगवर चालता का?" मी ओरडले.

त्यानं घाईघाईनं हेल्मेट काढलं. थंडीनं लाल झालेलं नाक, आणि त्याहून लाल झालेले कान.

"माफ करा जी, मॅडम. पिन काढायची विसरलो. रोजचंच आहे माहं."

"म्हणजे रोज कोणाची ना कोणाची गाडी पाडता?"

"नाही..." तो माझ्याकडे पाहून थबकला. "आज पहिल्यांदाच चांगल्या माणसाची पाडली."

कौशल्यामावशींनी पोह्यांवर तर्री ओतता ओतता माझ्याकडे जे पाहिलं, ते पाहणं मला अजिबात आवडलं नाही. पण मी रागावलेही नाही. तिथंच माझं चुकलं असावं.

मी अस्मिता. आमचं 'देवाजी सीट कव्हर' हे दुकान बाबांनी उभं केलं. आता बाबांचे डोळे साथ देत नाहीत, म्हणून मशीनवर मी बसते आणि बाबा सल्ले देतात. मोटरसायकलच्या सीटा, रेनकोट, रायडिंगची जॅकेटं — जे जाड आहे आणि साध्या शिंप्याच्या मशीनखाली जात नाही, ते सगळं आमच्याकडे येतं. सीटचा फोम दाबून मी सांगू शकते की गाडी कोण चालवतं, मागं कोण बसतं, आणि किती दिवसांपासून बसतं. ही विद्या पुढं माझ्याच मुळावर येणार होती, ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

त्याचं नाव अंकुश. राहायला उमरेडला, नोकरी हिंगण्याच्या कंपनीत, मेंटेनन्सला. रोज सकाळी सहाला निघायचं आणि साठ-पासष्ट किलोमीटर गाडी हाणत आठच्या शिफ्टला पोचायचं. हिवाळ्यात म्हणे बोटं हँडलवरून सोडवून घ्यावी लागत. म्हणून या पठ्ठ्यानं गरम होणारी वायर मागवली, जॅकेटच्या अस्तराखाली पसरली, छातीवर बटण बसवलं आणि पिन थेट गाडीच्या बॅटरीला जोडली. गाडी चालू, की जॅकेट गरम. कल्पना फक्कड होती. पण वायर ओढली गेली तेव्हा अर्धं अस्तरच बाहेर आलं होतं.

"हे शिवलं कोणी?" मी विचारलं.

"मीच. टेप मारला."

"मग शिवलं म्हणू नका. चिकटवलं म्हणा. द्या इकडे."

चार दिवस ते जॅकेट माझ्याकडे होतं. खडूनं नागमोडी रेघा आखल्या, कापडी पट्ट्या केल्या, पट्टीच्या पोटात वायर घातली आणि पट्टीच्या फक्त कडा शिवल्या, कारण वायरवरून मशीन चालवायचं नसतं. खांद्यांचं माप मी पुन्हा घेतलं. खरं तर पुन्हा घ्यायची गरज नव्हती.

"श्वास सोडा," मी टेप धरून म्हटलं.

"सोडला तं मोठा आवाज होईल, मॅडम."

"मग हळू सोडा."

जॅकेट तयार झालं त्या संध्याकाळी तपासून पाहायचं होतं. त्यानं गाडी दुकानापुढे चालू केली आणि म्हणाला, "तुम्हीच घालून पाहा. शिवणाऱ्याले आधी कळलं पाहिजे." मी घातलं. बाह्या माझ्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या. त्यानं पिन जोडली. हवेत गारठा होता, शेकोट्यांचा धूर होता, आणि माझ्या पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, हळूहळू काहीतरी ऊबदार पसरायला लागलं...

"आलं का?"

"काय?"

"गरम, जी."

"...येऊन राहिलं."

"हा निळा लाइट. थोडं अजून म्हणजे पांढरा. जास्त म्हणजे लाल. लाल करू?"

"नको. एवढी ओळख कुठं झाली अजून!"

तो हसला. हसताना मान खाली घालायची सवय आहे त्याला. मावशी गाड्यामागून खोकल्या, आणि त्यांना काही खोकला झालेला नव्हता.

मग त्याची कामं निघायला लागली. आज हँडग्लोव्हजची वायर, उद्या कॉलरची चेन, परवा काहीच नाही, नुसताच "इकडून चाललो होतो." त्याची शिफ्ट सुटली की मला घड्याळ न पाहता कळायचं. गाडीचा आवाज वळणावर आला, की मी मशीनवर वाकून खूप कामात असल्यासारखी दिसायचे. बाबांनी एकदा विचारलं, "हे काय वं, खालचा दोराच नाही अन् शिवून राहिली?"

पंधरवड्यानं तो म्हणाला, "अजून एक जॅकेट शिवाल? लेडीज."

माझ्या हातातला खडू खाली पडला नाही, असं मी अजूनही सांगते. मावशी सांगतात की पडला.

"गाडीले मागच्या सीटसाठी दुसरी पिन काढली मी," तो हेल्मेटचा पट्टा उगाच सोडत-लावत म्हणाला. "मागं बसणाऱ्याले जास्त थंडी लागते ना..."

"माप?"

"तुमच्याच मापाचं शिवा. म्हणजे... तुमच्यावानीच अंगकाठी आहे."

'तुमच्याच मापाचं' एवढं मी ऐकलं. पुढचं ऐकायला मी जागेवर होतेच कुठं!

"असेच इशारे देतात वं पोट्टे," त्या दुपारी कौशल्यामावशी म्हणाल्या. "तोंडानं सरळ बोलले तं मंग पोट्टे कायचे! शिव मन लावून."

मी मन लावूनच शिवलं. अस्तराला राणी रंग घेतला, कारण तो मला खुलतो. कमरेत नीट बसावं म्हणून चिमट्या घेतल्या. आतून एक चोरखिसा ठेवला, मोबाइल आणि कंगवा मावेल एवढा. दुकान बंद करताना घालून आरशात पाहिलं आणि मनातल्या मनात त्याच्या मागं बसून पार उमरेडपर्यंत जाऊन आले. येताना संत्रीसुद्धा घेतली.

शनिवारी तो जॅकेट न्यायला आला. मागच्या सीटवरून एक मुलगी उतरली.

"ही चिन्मयी," अंकुश म्हणाला. "आमच्या कंपनीत क्वालिटीले आहे. इथंच राहते, पलीकडच्या फ्लॅट स्कीममध्ये. बेसातून सकाळी कंपनीची बस नाही ना, तं माह्यासोबत येते."

"अय्या, किती सुंदर शिवलंय!" चिन्मयीनं जॅकेट अंगात घातलं. एक सुरकुती नाही. खांदा खांद्यावर, कंबर कमरेवर. राणी रंग तिलाही खुलत होता. मेलीनं आतला चोरखिसासुद्धा लगेच शोधला.

"माप अगदी बरोबर बसलं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"मी म्हटलं होतं ना," अंकुश खूश होऊन म्हणाला, "यांच्यावानीच आहे ती."

त्या क्षणी माझ्या हातात मोठी कात्री होती. मी ती खाली ठेवली, यातच माझा मोठेपणा समजा.

ते दोघं पोहे खायला गेले, तेव्हा मी अंकुशच्या गाडीजवळ गेले. कोणी पाहत नाही असं पाहून मागची सीट अंगठ्यानं दाबली. फोम बसला होता. पन्नास-बावन्न किलो, रोज, दोन आठवडे. आणि बरोबर मध्ये नाही, थोडा पुढे बसला होता. पुढे! म्हणजे बाई सरकून बसतात. सीटखालून निघालेली दुसरी पिन पाहिली. अजून एकदाही न वापरलेलं तिचं टोक नवंकोरं चकाकत होतं.

मुलगी वाईट असती तर किती बरं झालं असतं. पण ती मला "ताई" म्हणाली, बाबांना नमस्कार केला, माझ्या शिलाईचं कौतुक करून गेली. अशा मुलीचा राग करायला फार मेहनत पडते. मी ती घेतली. ती शिकलेली, मी बारावीनंतर मशीनवर बसलेली. तिच्या हाताला छान क्रीमचा वास, माझ्या हाताला मशीनच्या तेलाचा. रोज सकाळी सातला, मी पांघरुणात असताना, ती माझ्या हातच्या उबेत त्याच्या मागं बसून जाते... वर्धा रोड ओलांडला की टपरीवर चहाला थांबतात, हेही तिनंच कौतुकानं सांगितलं होतं. रोज सकाळी मी त्या चहाचा घोट न् घोट पांघरुणात पडून मोजायचे.

अंकुश येत राहिला. मी बोलेनाशी झाले.

"काही चुकलं का माहं?" त्यानं एकदा विचारलं.

"नाही. कामं आहेत."

"पाच मिनिटं तं..."

मी मशीन जोरात चालवलं. तो हेल्मेट घालून गेला. तो वळणावरून दिसेनासा झाला की मग मला रडू यायचं, आणि त्याचाही रागच यायचा.

नव्या वर्षातला पहिला सोमवार. संध्याकाळी चिन्मयी एकटीच जॅकेट घेऊन आली. उजव्या बाहीची वायर मनगटाशी आणून हवी होती, ग्लोव्हज जोडायला. मी बाही उसवली. ती समोरच्या स्टुलावर बसली.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"अंकुशचं... कुठं जमलंय का हो? तुम्हाला माहीत असेल. तुमच्याकडे येतो ना तो."

माझे कान भणभणले. "मला काय माहीत?" मी म्हणाले. "मी सीट कव्हर शिवते."

आणि पायडल दाबलं. पट्टीची कड कुठं, वायर कुठं, काही दिसत नव्हतं. मशीन नुसतं धडधडत होतं. खटकन आवाज झाला. सुई तुटली. मी नवी सुई लावली, उरलेली चार बोटं शिवली, दोरा तोडला आणि जॅकेट तिच्या हातात दिलं. तिनं विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." ती गेली याचंच मला बरं वाटलं.

बाबा सकाळी लवकर उठून घरापुढच्या दुकानात मशीनला तेल घालतात. मंगळवारी सव्वासातच्या सुमारास त्यांनी मला आवाज दिला.

"अस्मिता, सुई तुटली का काल? बुडखा इथं हाताला लागला. टोक कुठं आहे?"

आमच्या दुकानाचा एकच कायदा आहे. सुई तुटली की दोन्ही तुकडे हातात आल्याशिवाय कापड दुकानातून हलत नाही. बाबांनी त्यासाठी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून ठेवलंय. जॅकेटात तुटलेलं टोक गेलं तर माणसाला टोचतं. आणि ते जॅकेट बॅटरीला जोडलेलं असलं तर वायर शॉर्ट होऊन अंग भाजतं, हे मीच अंकुशला समजावून सांगितलं होतं.

मी चुंबक सगळ्या फरशीवर फिरवलं. दोन टाचण्या आल्या, एक खिळा आला. टोक आलं नाही.

अंकुशला फोन लावला. वाजत राहिला. गाडीवर असताना तो कधीच उचलत नाही. चिन्मयीचा नंबर माझ्याकडे नव्हता, कारण तो मला नको होता.

"कोणाचं कापड होतं?" बाबांनी विचारलं.

मी स्कूटी काढली आणि निघाले. अंगात पातळ कुर्ता, पायात घरातल्या चपला. बेलतरोडीच्या पुढे वारा असा लागला की डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत गेलं. ब्रेकवरची बोटं माझी राहिली नाहीत. पुढची गाडी दहा हातांवर आली की दिसत होती. सारखं तिचं मनगट डोळ्यांपुढे येत होतं, गोरं, बारीक. आणि मी देवाला एकच म्हणत होते, तिला अंकुश घे म्हणावं, सगळं घे म्हणावं, फक्त तिचा हात नीट असू दे.

वर्धा रोड ओलांडला. टपरीच्या पिवळ्या दिव्याखाली ते दिसले. चहा संपला होता. अंकुशनं गाडी चालू केली होती, चिन्मयी मागं बसली होती, जॅकेटच्या बटणावर लाल लाइट लागलेला होता.

मी स्कूटी त्यांच्या पुढ्यात आडवी घातली.

"पिन काढा! चिन्मयी, पिन!"

तिला काही कळेना. मीच धावले आणि सीटखालची पिन हिसकून काढली.

"काय झालं? अस्मिता? स्वेटर कुठं आहे तुमचं?" अंकुश गाडीवरून उतरला.

"बाही... जॅकेट काढा आधी..." माझे दात एवढे वाजत होते की शब्द तुटून पडत होते.

डिकीतली छोटी कात्री काढून मी तिथंच बाकड्यावर बाही उसवली. बोटं ऐकत नव्हती, तरी शोधलं. सुईचं टोक पट्टीत शिरून वायरच्या सालीत रुतलं होतं. भोवतीचं राणी अस्तर मसुरीच्या दाण्याएवढं करपलेलं.

चिन्मयीनं अंगातल्या कुर्त्याची बाही वर केली. मनगटावर एक लाल ठिपका होता. "मला वाटलं लेबल टोचतंय," ती हळूच म्हणाली.

अंकुशनं ते करपलेलं कापड बोटानं चाचपलं. पहिल्यांदाच मी त्याचा चेहरा कठीण झालेला पाहिला.

"सुई तुटली तं दोन्ही तुकडे पाहिल्याबिगर कापड उठवायचं नाही, हे तुम्हीच मले सांगितलं. अन् तुम्हीच असं... काहून?"

'घाई होती' हे वाक्य अगदी जिभेवर होतं. त्यानं विश्वासही ठेवला असता. बाबांनीही ठेवला असता. पण बाकड्यावर ते टोक पडलं होतं, आणि त्याच्या समोर मला खोटं बोलता येईना.

"कारण माझं लक्ष नव्हतं," मी म्हणाले. "कारण मला हिचा राग आला होता. हिनं तुझं कुठं जमलंय का विचारलं आणि माझं डोकं फिरलं. हे जॅकेट... मला वाटलं होतं माझ्यासाठी आहे. मी ते स्वतःसाठी शिवलं, अंकुश. राणी रंग मला आवडतो. रोज सकाळी ही तुझ्या मागं बसते आणि मला ते सहन होत नाही. मला तू आवडतोस. एवढंच आहे. पण त्यापायी हिचा हात भाजला असता, आणि ते मी केलं."

टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. त्याला ऐकायचं होतं.

तेवढ्यात चिन्मयी हसली. चांगलं हसू नव्हतं ते.

"तुम्हाला माझा राग आला?" ती म्हणाली. "ताई, मी तीन आठवडे या माणसाच्या मागं बसून येते. वीस किलोमीटर. आणि वीसही किलोमीटर तुमचं नाव ऐकते. एखादी सीट दिसली की, 'ही शिलाई अस्मिताची नाही.' चहा प्यायला की, 'अस्मिताच्या दुकानाजवळचा याहून बरा.' मी म्हटलं, माझं माप घे, तर म्हणतो, 'गरज नाही, तू त्यांच्याएवढीच आहे, दोन बोटं बुटकी.' दोन बोटं! कोणी माझी उंची अशी कधी मोजली नव्हती." तिनं कुर्त्याची बाही मनगटावर ओढून घेतली. "काल मी विचारायला नव्हते आले. पाहायला आले होते... तुमच्या बाजूनं काही नसेल, तर माझं काही होईल का. तुम्ही म्हणालात, 'मी सीट कव्हर शिवते.' मी आनंदात घरी गेले."

मी तिच्या चहाचे घोट मोजत होते, आणि ती बिचारी त्या चहासोबत मला गिळत होती!

अंकुशचे कान पेटले होते. "हे सगळं तू काहून सांगून राहिली?"

"तू सांगत नाहीस म्हणून," चिन्मयी म्हणाली, आणि पाठ फिरवून टपरीवाल्याकडे गेली. "काका, एक चहा. साखर जास्त."

अंकुश माझ्यापुढे उभा होता. धुक्यात गाडीचं इंजिन अजून धडधडत होतं. त्यानं ते बंद केलं. मग अंगातलं जॅकेट काढून माझ्या खांद्यांवर टाकलं. वायर सुटलेली होती, तरी ते ऊबदार होतं.

"रोज ठरवत होतो, आज सांगतो," तो म्हणाला. "पण मी दिसलो की तुम्ही मशीनच असं हाणत होत्या... मले वाटलं, आपलं तोंडच पाहायचं नाही यांले." त्यानं मान खाली घातली, पुन्हा वर केली. "माह्या मनात तूच आहे, अस्मिता. पहिलेपासून तूच. लग्न करशील माह्याशी?"

इतके दिवस मी या वाक्याची वाट पाहिली होती, आणि आता ते आलं तेव्हा माझं नाक वाहत होतं आणि मला पुसायला काही नव्हतं.

"करीन," मी म्हणाले. "पण थांब. आधी मला तिच्याशी बोलू दे."

मी चिन्मयीजवळ गेले. ती चहाकडे पाहत होती. मी तिचा हात हातात घेतला आणि मनगटावरचा ठिपका पाहिला.

"मला माफ कर," मी म्हणाले. "तुझ्या प्रश्नाला मी खरं उत्तर द्यायला हवं होतं. आणि सुई शोधायला हवी होती. बाही नवी लावून देते. बाबांसमोर बसून लावीन."

"लाल रंग नको आता," ती म्हणाली. "म्हणजे लाइटचा. निळाच बरा." मग चहाचा घोट घेऊन, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मी उद्यापासून बसनं जाईन. चौकापर्यंत रिक्षा करेन. तुम्ही काळजी करू नका."

खरं सांगू? माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'जा' हाच. पण सकाळी साडेसहाला, या थंडीत, रस्त्यावर एकटी रिक्षाची वाट पाहणारी चिन्मयी मला दिसली.

"काही गरज नाही," मी म्हणाले. "थंडी आहे तोवर याच्याच मागं बसून जायचं. आत्ताही जा, शिफ्टला उशीर होतोय. अंकुश, गाडी काढ."

अंकुशनं गाडी चालू केली. चिन्मयी मागं बसली, आणि त्या सीटवर ती बसताना मला पुन्हा तसंच सलायला लागलं, अगदी तसंच. लग्नाचं विचारून घेतलं तरी ते काही जात नाही, हे मला तेव्हा कळलं.

"संक्रांतीपर्यंत!" मी ओरडले. "संक्रांतीनंतर थंडी कमी होते."

चिन्मयीनं ओले डोळे पुसले आणि या वेळी खरोखर हसली. "म्हणजे अजून आठ दिवस."

"सात," मी म्हणाले. "मध्ये रविवार येतो."